आश्रमशाळेचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा




सातपुड्यातील भिल्लांचे गाव असो, डहाणू-जव्हारकडील वारल्यांचा पाडा असो किंवा भामरागडच्या अरण्यातील माडियांची वस्ती असो, शासकीय आश्रमशाळेची इमारत बहुधा एकाच ठशाची आढळते: ओळीने खोल्या, पुढे अरुंद पडवी आणि भोवती कुंपण. ज्या दफ्तरात हा नकाशा मंजूर होतो तेथे क्षेत्रफळाचा व अंदाजपत्रकाचा विचार होत असेलही; परंतु जे घर सोडून, आईबापांपासून दूर, मुलाने वर्षातील बहुतेक दिवस या वास्तूत काढावयाचे, त्या घराचा विचार झाल्याचे दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

वारल्यांचे जुने घर पाहावे. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप, पावसाच्या माऱ्यापासून भिंत राखण्यासाठी खाली उतरविलेले छप्पर, आत गारवा, आणि बाहेर तारप्याच्या सुरावर फेर धरता येईल एवढे मोकळे अंगण. ही सारी रचना त्या प्रदेशातील पावसाने व उन्हाने पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेली आहे. उलट पत्र्याच्या छपराखालील वर्गात आषाढाची झड लागली की गुरुजींचा आवाज मागील मुलांपर्यंत पोहोचत नाही, आणि चैत्रात तेथे बसवत नाही. अशा इमारतीच्या भिंतीवर वारली चित्रे रंगविली म्हणजे संस्कृतीचे ऋण फिटले, असे मानण्याची रूढी पडू लागली आहे. लग्नघरी सुवासिनींनी पालघट देवीचा जो चौक लिहावयाचा, त्याला शोभेचा पट्टा करणे मला अनादराचे वाटते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले कार्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनीच कुरणात जावे, अशी कुरणशाळा त्यांनी चालविली. मुलाचा दिवस कोठे व कसा जातो हे आधी पाहून मग शाळेची मांडणी ठरविण्याची ती दृष्टी इमारती बांधणाऱ्यांनी अद्याप उचललेली नाही.

यावर हरकत घेतली जाईल की, मातीच्या भिंती टिकत नाहीत आणि आदिवासींना जुन्यातच डांबण्याचा हा प्रकार आहे. भक्कम पाया, वीज, पाणी, स्वच्छतागृहे, मुलींच्या वसतिगृहाची सुरक्षितता यांत कसलीही काटकसर नको, हे मलाही मान्य आहे. गावकऱ्यांनी स्वतः स्लॅब मागितला तर तोही द्यावा. पण त्यांना विचारावे तरी! अनुसूचित क्षेत्रातील विकासयोजनांना अंमलबजावणीपूर्वी ग्रामसभेची मान्यता हवी, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. तेव्हा आदिवासी विकास विभागास माझी विनंती आहे की, निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक आश्रमशाळेचा नकाशा त्या गावच्या ग्रामसभेत, त्यांच्याच बोलीत समजावून, मांडावा, आणि तेथे सुचविलेले फेरफार मंजुरीच्या कागदपत्रांत नोंदवावेत.

आपला,
एक वाचक