प्लेटलेटच्या पिशवीआधी

पावसाळा लागला की आमच्या डोंबिवलीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरू लागतात : पेशंट आयसीयूत, प्लेटलेट चाळीस हजार, डोनर तातडीने हवा. पाच मिनिटांत चार जण तयार होतात. या माणुसकीचं मला मनापासून कौतुक आहे. पण डेंगीनं आपल्याला प्लेटलेटचा आकडा वाचायला शिकवलं आणि आता कुठल्याही तापात आपण तेवढाच वाचतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचंही असंच झालं. मधुमेह, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. तीन दिवस ‘व्हायरल असेल’ म्हणून घरीच काढले. चौथ्या दिवशी त्या बरळू लागल्या. आयसीयूत मी त्यांना पाहिलं तेव्हा सलाईनच्या सुईभोवतीचा कापूस बदलला की पुन्हा लाल होत होता. बीपीचा पट्टा जिथे आवळला होता, तिथे दंडावर बारीक जांभळे ठिपके होते. आणि पायाची बोटं थंडगार, काळीनिळी. त्यांच्या मुलानं विचारलं, ‘‘डॉक्टर, आईचं रक्त पातळ झालंय की घट्ट?’’

दोन्ही. काकूंना सेप्सिस झाला होता. सेप्सिसमध्ये संसर्गाला उत्तर देताना शरीराचा तोल सुटतो. रक्त गोठवणारी साखळी एकाच जागी सुरू न होता सगळीकडे पेटते, गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा मात्र थंडावते. मूत्रपिंडाच्या, बोटांच्या केसाएवढ्या वाहिन्या तुंबतात. या कामी प्लेटलेट आणि गोठवणारे घटक खर्ची पडतात. मग सुईच्या टोचणीतूनही रक्त थांबत नाही. डॉक्टर याला डीआयसी म्हणतात.

म्हणून नुसती प्लेटलेटची पिशवी चढवणं म्हणजे नळ उघडा ठेवून टाकी भरणं. रक्तस्राव होत असेल किंवा ऑपरेशन करायचं असेल तर ती लागतेच. एरवी आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा थांबता येतं. मूळ उपचार संसर्गावर : योग्य अँटिबायोटिक लवकर, आणि पू साचला असेल तर तो काढणं. या बिघाडावर नेम धरणारं एक औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि 2011 मध्ये कंपनीनं ते बाजारातून काढून घेतलं.

म्हणजे उरतो तो वेळेवरचा उपचार, आणि तिथेच घोडं अडतं. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. त्यात कल्याणचे होते, शहापूरचेही होते. महापालिका आयुक्तांनी सांगितलेल्या आजारांत न्यूमोनिया आणि सेप्टिसीमियाही होते. त्या मृत्यूंचं एकच कारण काढणं चुकीचं ठरेल. पण शहापूर-मुरबाडहून कळव्यापर्यंतचा रस्ता आणि त्यात जाणारे तास आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. सेप्टिक शॉकमध्ये पहिलं अँटिबायोटिक तासाभरात पडावं, असं उपचाराचे नियम सांगतात.

माझी मागणी साधी आहे. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर या पालिकेच्या रुग्णालयांत प्लेटलेट, पीटी-आयएनआर, डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या रात्री दोनलाही मिळायला हव्यात. रुग्ण पुढे पाठवायचाच असेल तर ब्लड कल्चर घेऊन पहिला डोस तिथेच द्यावा आणि त्याची वेळ रेफरच्या चिठ्ठीवर ठळक लिहावी. नातेवाइकांनीही डोनर शोधताना दोन गोष्टी विचाराव्यात : अँटिबायोटिक किती वाजता दिलं, आणि सकाळपासून लघवी किती झाली?