ख्रिस्तोफरचं गणित

मार्क हॅडनची 'द क्युरिअस इन्सिडन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) मी वाचली तेव्हा पीएचडी चालू होती. इंग्लंडातल्या स्विंडनमधला १५ वर्षांचा ख्रिस्तोफर स्वतःच गोष्ट सांगतो. शेजारणीचा कुत्रा बागकामाचा काटा खुपसून कोणीतरी मारलाय, आणि हा पठ्ठ्या शेरलॉक होम्ससारखा तपासाला निघतो. प्रकरणांचे क्रमांक २, ३, ५, ७... फक्त मूळ संख्या! मध्येच मॉन्टी हॉलचं कोडं. इंजिनियरला आणखी काय हवं? एका बैठकीत संपवली. "आपण सगळेच थोडेफार ख्रिस्तोफर," असा विनोदही लॅबमध्ये करून झाला.

त्याच सुमारास मावसबहिणीच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळलं. धीर द्यावा म्हणून फोनवर म्हटलं, "ताई, काळजी करू नकोस, ही मुलं गणितात फार हुशार असतात." ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अरे, सात वर्षांचा झाला, पण तहान लागली तर सांगता येत नाही त्याला."

मला पुढे काही बोलता येईना.

दोष कादंबरीचा नाही. आतल्या मजकुरात ख्रिस्तोफरला ऑटिझमचं लेबल कुठेच नाही. आपण या विषयातले तज्ज्ञ नाही, हे हॅडनने २००९ साली स्वतःच लिहिलं होतं. ती एका मुलाची गोष्ट आहे. सूत्र बनवलं ते मी. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणारा पेपर परीक्षणाला आला असता तर मी तो तसाच परत पाठवला असता.

(पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) घ्यायचं ते वेगळंच होतं. आई वारली असं वडील ख्रिस्तोफरला सांगतात, आणि ती लंडनमध्ये असते. खोटं न बोलणाऱ्या मुलाशी मोठी माणसं त्याच्या भल्यासाठी खोटं बोलतात. ते उघड झाल्यावर त्याला वडिलांचीच भीती वाटायला लागते. आमच्याकडेही "मुलगे उशिराच बोलतात" असं सगळे ताईला सांगत राहिले. मीसुद्धा. त्यात दोन वर्षं गेली, आणि ती त्या मुलाची गेली.

पुस्तक जरूर वाचा. पण वाचून झालं म्हणजे ऑटिझम समजला असं समजू नका.

हल्ली फोनवर मी आधी विचारतो, त्याला काय आवडतं? मिक्सरचा आवाज अजिबात नाही, पावसात खिडकीशी बसणं फार. गणिताचं विचारत नाही.