पहिल्या दुकानात ओएलईडी ठेवू नका

मागच्या आठवड्यात डोंबिवलीतला एक मुलगा भेटायला आला होता. मानपाडा रोडला गाळा बघितलाय, टीव्हीचं दुकान टाकायचंय. मालाची यादीच घेऊन आला होता. सगळ्यात वर ५५ इंची ओएलईडी, दोन नग. म्हटलं, आधी हे दोन्ही खोड.

ओएलईडी वाईट आहे म्हणून नाही हं. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे खरंच काळा दिसतो. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी या सगळ्यांत पॅनल एलसीडीचंच. क्यूएलईडीत क्वांटम डॉटच्या थराने रंग खुलतात, मिनी एलईडीत मागे बारीक दिवे असतात आणि ते भागाभागाने मंद होतात. गिऱ्हाईकाला एवढं सांगता आलं तरी पुरे.

अडचण भांडवलाची आहे. एका ओएलईडीत सव्वा-दीड लाख अडकतात. तेवढ्यात ४३ इंची पाच-सहा टीव्ही येतात, आणि आपल्याकडे फिरतो तो हाच माल. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता ३२ आणि ४३ ला कर सारखाच, त्यामुळे ३२ विचारत आलेल्याला ४३ दाखवणं सोपं झालंय.

मी हे पैसे घालवून शिकलोय. डिस्प्लेच्या ओएलईडीवर दिवसभर बातम्यांचं चॅनल चालू ठेवायचो. वर्षभरात खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो स्क्रीनवर कायमचा उमटला. याला बर्न-इन म्हणतात. वॉरंटीत बसत नाही म्हणून कंपनीने हात वर केले, आणि कागदावर तसं लिहिलेलंही होतं. मीच वाचलं नव्हतं! शेवटी अर्ध्या किमतीत काढला. ज्या घरात आजोबा सकाळपासून बातम्या लावून बसतात, तिथे ओएलईडी विकताना हे सांगा. नाही सांगितलंत तर ते गिऱ्हाईक परत येईल, पण भांडायला.

आणि गिऱ्हाईकाला टीव्हीआधी हॉल विचारा. आपल्याकडे वन बीएचकेचा हॉल दहा बाय बारा, समोर बाल्कनी, दुपारी झगझगीत उजेड. तिथे जास्त ब्राइटनेसचा क्यूएलईडी किंवा मिनी एलईडी चांगला दिसतो. बघणारेही सगळे समोर नसतात. बाबा सोफ्यावर, आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघणार. अशा घरी आयपीएस पॅनल द्या, बाजूने बघितलं तरी रंग फारसे फिके पडत नाहीत. व्हीए पॅनल समोरून जास्त गडद काळा दाखवतं, पण कडेने बघणाऱ्याला चित्र धुतल्यासारखं वाटतं. ब्रोशरमध्ये हे बहुतेक वेळा नसतं. डेमोला गिऱ्हाईकाला कडेला उभं करा, त्यालाच कळेल.

घोडबंदर रोडवरून कुणी खास ओएलईडीच मागत आला तर? ॲडव्हान्स घ्या, डिस्ट्रिब्युटरकडून मागवून द्या. मी अजूनही तसंच करतो.

त्या मुलाने यादी पुन्हा लिहिली. ४३ चे सहा, ५५ चे दोन क्यूएलईडी, डिस्प्लेला एक मिनी एलईडी. उरलेल्या पैशात चार साउंडबार घ्यायला लावले. पातळ टीव्हीचा आवाज पातळच असतो, आणि आमच्या दुकानात टीव्हीपेक्षा साउंडबारवर टक्केवारीने जास्त सुटतं. फक्त एचडीएमआय एआरसी आहे ना, हे दोन्हीकडे तपासून घे म्हटलं.