पत्ता कोणासाठी दिला?

१७४२ साली ब्रिस्टलमधील मेथॉडिस्टांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांच्या गटामागे एकाने ती वसूल करावी, असे ठरले. वसुलीसाठी हे गटप्रमुख घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोणाच्या घरी काय चालले आहे हेही त्यांना दिसू लागले. जॉन वेस्ली यांनी या वसुलीतूनच ‘क्लास मीटिंग’ ही संस्था उभी केली. अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये आज आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमणारे दहा-बारा जणांचे जे छोटे गट दिसतात, ते याच वळणाचे आहेत.

फरक इतकाच की, वेस्लींच्या गटप्रमुखाला गल्ली पायाखालची होती. आजचा उपासक दूरच्या उपनगरातून मोटारीने येतो आणि आपल्या मागच्याच रस्त्यावर दुसरा सभासद राहतो याचा त्याला पत्ता नसतो. ही उणीव संगणक भरून काढतो. सभासदांच्या पत्त्यांचा तक्ता ‘गूगल माय मॅप्स’सारख्या साधनात चढविला की प्रत्येक पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढून नकाशावर टिंब उमटविले जाते. गटागटाला वेगळा रंग दिला की कोणता भाग गजबजलेला आणि कोणता रिकामा, हे एका दुपारीत समजते. (मध्ये नदी असून पूल दोन मैलांवर आहे, हे मात्र टिंब सांगत नाही, त्यासाठी गावातला माणूसच लागतो.) रात्री गाडी चालविणे झेपत नाही अशा वृद्धेला जवळचा गट मिळत असेल, तर या सोयीला नाक मुरडण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्भवतो तो नकाशा वाटला जातो तेव्हा. ‘दुवा ज्याच्यापाशी असेल त्याला पाहता येईल’ अशी मोकळीक ठेवली, की तो दुवा एका निरोपातून दुसऱ्या निरोपात फिरत राहतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर होऊन नव्या गावी आलेल्या एखाद्या स्त्रीने आपला पत्ता पाळकाला दिलेला असतो, तो अडीनडीला कोणी दार ठोठवावे म्हणून. तोच पत्ता नावासकट टिंब होऊन कोणाच्याही पडद्यावर उमटावा, याला तिने कधी होकार दिलेला असतो?

असे काही करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतो असे नव्हे. १९९८ मध्ये स्वीडनमधील एका चर्चच्या स्वयंसेविकेने धर्मदीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या सोयीसाठी सहकाऱ्यांची माहिती संगणकजालावर ठेवली. त्यात काहींचे दूरध्वनी क्रमांक होते, आणि एकीचा पाय दुखावल्याने ती अर्धवेळ कामावर असल्याचा उल्लेखही होता. सहकाऱ्यांची नाराजी कळताच तिने तो मजकूर काढला. तरीही तिला दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. सेवा धार्मिक आहे म्हणून नियमातून सुटका नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये दिला. पुढे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीत धर्मश्रद्धा उघड करणारी माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात आहे.

या कडकपणामागे युरोपची एक आठवण आहे. १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहरातील ज्यूंच्या वस्तीचा नकाशा तयार करून दिला. त्यावरील एक टिंब म्हणजे दहा ज्यू. नागरिकांचा धर्म तेथील लोकसंख्या-नोंदवहीत युद्धापूर्वीपासूनच लिहिलेला असे. त्यात सक्तीच्या नव्या नोंदणीची भर पडली. १९४३ च्या मार्चमध्ये डच प्रतिकारकांनी ती नोंदकचेरी पेटविली, पण बहुतेक नोंदी शाबूत राहिल्या. छोट्या गटांच्या नकाशाची या भीषण प्रकाराशी तुलना कोणी करणार नाही. परंतु कोणता माणूस कोणत्या धर्माचा आणि तो राहतो कोठे, या दोन गोष्टी एका कागदावर आल्या की तो कागद पुढे कोणाच्या हाती पडेल, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढे त्यावरून दिसते.

चर्चने नकाशा जरूर काढावा. गट आखण्यापुरते टिंब घरावर नसून जवळच्या चौकावर असले तरी काम भागते, आणि नावांची तर मुळीच गरज नसते. मूळ तक्ता एक-दोन जबाबदार व्यक्तींपाशी असावा. गट ठरले की नकाशा पुसून टाकावा. पत्ता लिहून घेण्याच्या अर्जावरच परवानगीची एक ओळ छापावी आणि जो ‘नको’ म्हणेल, त्याला गट सुचविण्यासाठी पाळकाने एक दूरध्वनी करावा.