हँग झाला की लगेच व्होल्टेज वाढवू नका

बारामतीत इंजिनिअरिंग शिकणारी मुलं आणि इंदापूरकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले, या दोघांसाठी हे लिहितोय. तुमच्यापैकी अनेकांकडे सेकंडहँड घेतलेला चार कोरचा प्रोसेसर आहे. नावाच्या शेवटी ‘के’ असेल, तर कुणीतरी तो ओव्हरक्लॉक केलेला असू शकतो. इंटेलचा आय-७ ७७००के घ्या. २०१७ च्या जानेवारीत आलेला, मूळ वेग ४.२ गिगाहर्ट्‌झ, टर्बोला ४.५. त्याला ४.८ वर पळवतात, रेंडर अर्ध्यात निळा स्क्रीन येतो, आणि मग इलाज एकच: बायोसमध्ये जाऊन व्हीकोअर, म्हणजे कोरचं व्होल्टेज, आणखी थोडं वर.

आधी गणित बघा. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. चारही कोर ४.४ वरून ४.८ वर नेले आणि त्यासाठी १.२० चे १.३५ व्होल्ट केले, तर वेग मिळाला ९ टक्के आणि उष्णता वाढली सुमारे ३८ टक्के. तासाभराचा रेंडर फार तर ५५ मिनिटांत होईल. या पाच मिनिटांसाठी कुणाच्या लग्नाचं फुटेज पणाला लावायचं का, हे तुम्हीच ठरवा.

त्यात आपला उन्हाळा. कूलर खोलीतल्याच हवेनं प्रोसेसर थंड करतो, त्यामुळे खोली १५ अंशांनी तापली की कोरही साधारण तितकेच तापतात. डिसेंबरच्या रात्री ८० अंशांवर पास झालेली चाचणी मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ९५ वर जाते. १०० ला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. गळीत हंगामात ऊसपट्ट्यात हवेत पाचटाची काजळी असते, ती हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. टॉर्च मारून बघा. पंख्याखाली काळपट नमदा दिसला, तर आधी ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट बदला.

मग बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा आणि डिफॉल्ट लोड करा. डिफॉल्टवरही मशीन पडत असेल, तर दोष ओव्हरक्लॉकचा नाहीच. रॅमचा एक्सएमपी हाही ओव्हरक्लॉकच असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो बंद ठेवून रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही एरर चालणार नाही. रॅम स्वच्छ निघाली की मल्टिप्लायर एकेक पायरीनं वर न्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

लक्षणं नीट वाचा. प्राइम९५ या ताणचाचणीत तापमान आटोक्यात असताना एकच वर्कर एरर देऊन थांबला, तर बहुधा त्या कोरला त्या वेगाला व्होल्टेज कमी पडतंय. अशा वेळी ०.०१ व्होल्ट वाढवून बघायला हरकत नाही; मी मात्र मल्टिप्लायर ४८ चा ४७ करायला सांगेन. ब्राउझर, गेम सगळं चालतं पण रेंडरलाच पडतं, तर एव्हीएक्स ऑफसेट (जड गणितावेळी मल्टिप्लायर तेवढ्यानं उतरवणारी सेटिंग) २ किंवा ३ ठेवा. निळा स्क्रीन न येता थेट अंधार होऊन मशीन रीस्टार्ट झालं, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. लोडवर १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये. वस्तीवर शेतीपंप सुरू होताना दिवे मंदावत असतील, तर चांगला यूपीएस घ्या आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. त्याआधी बायोसला हात लावू नका.

मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. खरा धोका आहे तो न पडता चुकीचं लिहिणाऱ्या मशीनचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसत असतील, तर वरवर सुरळीत चाललेलं मशीनही आतून चुकतंय. फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून, उघडून बघेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा ओळखीच्या कुणाकडून जुना पीसी घेत असाल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच बायोस डिफॉल्टवर आणायला लावा. मग अर्धा तास प्राइम९५ चालवा. चहा प्या, पण नजर तापमानावर ठेवा.