शॉकअप बदलण्याआधी उघडून पाहा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. देवगड बंदरातल्या नौकांसाठी हे दोन महिने डागडुजीचे. नौका वर ओढायची, इंजिन उघडायचं, गंज खरवडायचा, ग्रीस भरायचं, रंग काढायचा. खाऱ्या हवेत लोखंड राखलं तरच राहतं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण त्याच घराच्या पडवीत उभ्या असलेल्या गिअरच्या सायकलीला हा नियम कोणी लावत नाही. तिचा पुढचा शॉकअप जाम झाला की दोनच पर्याय पुढे येतात. तो तसाच चालवायचा, नाहीतर काढून नवा बसवायचा. तिसरा पर्याय, म्हणजे तो उघडून साफ करणं, सहसा कोणी सुचवतही नाही. खरं तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागतं, आणि ते काम देवगडातच व्हायला हवं.

डोंगरी सायकल या भागात शोभेची वस्तू नाही. वरच्या सड्यावर जांभ्याचे ओबडधोबड कातळ, आमराईत जाणाऱ्या कच्च्या वाटा, चिरेखाणींकडे जाणारे खडबडीत रस्ते आणि पावसाळ्यानंतर उखडलेलं डांबर. अशा जमिनीवर पुढच्या चाकाला दबणारा शॉकअप असेल तर मनगटांना आणि खांद्यांना खरोखर आराम मिळतो, उतारावर चाक जमीन सोडत नाही आणि ब्रेक नीट लागतो. जाम झालेला शॉकअप याच्या नेमकं उलट करतो. सायकलीवर नुसतं वजन वाढतं आणि प्रत्येक खड्डा थेट हातात येतो.

शॉकअपची रचना तशी सोपी आहे. वरच्या दोन चकचकीत नळ्या खालच्या दोन जाड पायांत वरखाली सरकतात. प्रत्येक पायात आत दोन बुश असतात, तोंडाशी धूळ पुसणारा रबरी वायपर असतो आणि चांगल्या शॉकअपमध्ये त्याच्या खाली तेलात भिजलेली फोमची रिंग असते. एका पायात स्प्रिंग किंवा दाबलेली हवा, दुसऱ्यात बहुधा तेलाचा डॅम्पर. डोंगरी सायकलीवर ही रचना १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीने रुजवली. तिचा संस्थापक पॉल टर्नर मोटोक्रॉस मोटारसायकलींच्या दुनियेतून आलेला होता. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड असा शॉकअप लावलेल्या सायकलीवर जिंकला. मोटारसायकलीवर तर तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे असाच नळीत नळी सरकणारा शॉकअप, त्याच्याही कितीतरी आधी आला होता. बीएमडब्ल्यूने तो १९३५ साली आर १२ या गाडीला बसवला. म्हणजे जे तंत्र गावोगावचे गॅरेजवाले रोज हाताळतात, तेच सायकलीवर आलं आहे.

शॉकअप अडकतो तो घर्षणामुळे. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर ती सरकत असताना लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. वायपर कोरडे पडले, बुशमध्ये चिखल गेला किंवा नळीवर गंज चढला की हा सुरुवातीचा जोर आणखी वाढतो. मग छोटा दगड, रस्त्याची खरबड, पुलाचा सांधा यांचा धक्का तेवढा जोर लावू शकत नाही. शॉकअप हलतच नाही. मोठ्या खड्ड्यात मात्र तो एकदम खचतो आणि तितक्याच झटक्याने वर येतो.

देवगडात हे लवकर घडतं, त्याची कारणं समोरच आहेत. हवेतलं मीठ नळीवर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे सायकल पावसात गेली नाही तरी तिच्यावर खारट दमटपणाचा थर राहतो. स्वस्त शॉकअपच्या नळ्या क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. मुलाम्याला एक बारीक टोचा पडला तरी तिथून गंज आत शिरतो. पावसाळ्यातला मुसळधार पाऊस उघड्या पडवीतल्या सायकलीला सोडत नाही. आणि ऑक्टोबरपासून जांभ्याची तांबडी धूळ. ती ओल्या वायपरच्या ओठावर बसते, नळीबरोबर वरखाली होते आणि पॉलिश पेपर घासावा तशी नळी आणि बुश दोन्ही झिजवते.

दोष कुठे आहे हे ओळखायला फार हत्यारं लागत नाहीत, क्रम पाळावा लागतो. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर हळूहळू वजन टाकायचं. शॉकअप आधी अडून मग टप्प्याटप्प्याने, कुरकुरत खाली गेला तर तो चिकटतो आहे. मग चाक काढायचं आणि पुन्हा दाबून पाहायचं. चाक काढल्यावर तो मोकळा सरकला तर शॉकअपचा दोष नाही. आस जास्त आवळलेला आहे किंवा हब नीट बसलेला नाही, त्यामुळे दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जाऊन समांतर राहत नाहीत. आस ढिला करून, शॉकअप चार-पाचदा दाबून, मग बेताने आवळला की हा दोष पैसा न खर्चता जातो. चाक काढूनही चिकटत असेल तर नळ्या कोरड्या फडक्याने पुसून त्यांच्यावरून नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर तिथे गंजाचा खड्डा किंवा चरा आहे. शेवटी ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं वायपर आणि नळीच्या सांध्यावर ठेवायची. तिथे खडखड लागली तर बुश झिजले आहेत.

हवेच्या शॉकअपमध्ये आणखी एक गोष्ट पाहायला हवी. स्वार नुसता सायकलीवर बसला की शॉकअप त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण २० ते ३० टक्के खाली बसायला हवा. नळीवर रबराची रिंग किंवा प्लॅस्टिकचा टाय सरकवून हे मोजता येतं. दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर घर्षण वाढलं आहे. आकडा सारखाच पण फार कमी येत असेल तर बहुधा हवाच जास्त भरली आहे.

मात्र या पायऱ्या सोडून लोक भलतेच उपाय करतात. नळीवर डिझेल चोळतात, गंज सोडवणारा स्प्रे मारतात, नाहीतर इंजिनाचं वापरलेलं तेल लावतात. दोन दिवस शॉकअप हलका चालतो, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ते पातळ द्रव आतलं ग्रीस धुऊन काढतं आणि वायपरवरची घाण सोबत घेऊन आत जातं. चिकट तेलावर धूळ अधिकच बसते. दुसरी चूक सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाची. पाण्याचा तो झोत वायपरच्या ओठावर धरला की पाणी सरळ पायात उतरतं आणि बाहेर यायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं.

अशा शॉकअपचं पोट एकदा उघडून पाहिलं की सगळं कळतं. हवेचा असेल तर आधी सगळी हवा सोडायची. ही पायरी चुकवली तर इजा होऊ शकते. मग सायकल स्टँडला टांगून खालचे दोन बोल्ट चार-पाच फेरे सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलकी टपली मारायची. आतला दांडा सुटल्याचा आवाज येतो. बोल्ट पूर्ण काढून खाली भांडं धरलं की जे बाहेर येतं, ते किनाऱ्यावरच्या सायकलीत क्वचितच तेलासारखं असतं. पाणी आणि तेल घुसळून झालेलं दुधट, तांबूस पाणी ठिबकतं, तळाला रेतीचे कण दिसतात. खालचे पाय ओढून काढले की वायपरखालची फोमची रिंग हाताला कोरडी आणि खरखरीत लागते. ती तेलात भिजलेली असायला हवी होती.

यापुढचं काम धीराचं आहे. पाय आतून काठीला गुंडाळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसायचे, गाळ राहता कामा नये. नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. फोमची रिंग धुऊन, पिळून, नव्या तेलात भिजवायची किंवा बदलायची. वायपर फाटला असेल तर नवा घालायचा. वायपरच्या आतल्या ओठावर आणि बुशवर सस्पेन्शनसाठी बनवलेलं, रबराला मानवणारं ग्रीस लावायचं. पाय परत चढवून प्रत्येकात कंपनीने सांगितलं असेल तेवढंच तेल ओतायचं. ते बहुतेक मॉडेलमध्ये काही मिलिलिटरच असतं. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नाही. बोल्टखालचे वॉशर बदलून बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. ज्या स्वस्त शॉकअपमध्ये तेलच नसतं तिथे हेच काम ग्रीसवर भागतं. रॉकशॉक्स आपल्या शॉकअपच्या खालच्या पायांची अशी सर्व्हिस दर ५० तासांच्या स्वारीनंतर करायला सांगते. रोज तासभर सायकल चालवणाऱ्याला ती दोन महिन्यांच्या आतच येते. आपल्याकडे कितीतरी सायकली दुकानातून आल्यापासून एकदाही उघडलेल्या नसतात.

सगळेच शॉकअप वाचतात असं नाही. नळीचा मुलामा सोलून खड्डे पडले असतील तर नवा वायपर आठवड्यात फाटेल. काही स्वस्त शॉकअप तर खालून उघडतच नाहीत. त्यांना दुरुस्त करायची सोय बनवणाऱ्यानेच ठेवलेली नसते. अशा वेळी पोलादाचा साधा, न दबणारा फोर्क बसवणं शहाणपणाचं आहे. स्प्रिंगचा स्वस्त शॉकअप अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा फोर्क त्याच्यापेक्षा बराच हलका असतो, आणि जरा रुंद टायर बेताच्या हवेवर चालवला तर शाळेत जाणाऱ्या मुलाला तेवढा आराम पुरतो. दिखाऊ शॉकअपपायी मुलांना जड सायकल ओढायला लावणं थांबायला हवं.

आता प्रश्न उरतो तो हे करणार कोण. जामसंड्यापासून तळेबाजारपर्यंत मोटारसायकलीचं गॅरेज नाही असं गाव विरळा. तिथे शॉकअपचं ऑइल सील बदलणं हे रोजचं काम आहे. सील काढायचं कसं, बसवताना ओठ दुमडू द्यायचा नाही, दोन्ही पायांत तेल सारखं भरायचं, हे त्या हातांना पाठ आहे. बंदरातले इंजिन मेकॅनिक तर सील, गंज आणि ग्रीस यांच्याबरोबरच आयुष्य काढतात. म्हणजे कौशल्याची वानवा नाही. वानवा आहे ती सायकलीच्या मापाच्या वायपरची, योग्य तेलाची आणि सायकल हीसुद्धा सर्व्हिसिंग करण्याजोगी वस्तू आहे या समजुतीची.

यावर दुकानदारांचं म्हणणं असतं की गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला पैसे देत नाही, म्हणून सामान ठेवणं परवडत नाही. ते सरसकट खोटं नाही. पण विकताना शॉकअपचं मिरवायचं आणि त्याला निगा लागते हे मात्र सांगायचं नाही, हा व्यवहार सरळ नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटार वाहनं ही चार क्षेत्रं समोर ठेवली. सायकलीचं वेगळं नाव त्यात नव्हतं. ते यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे सील आणि बुश महाग पडतात ही सबब थोडी तरी लंगडी झाली आहे.

जिल्ह्यातल्या आयटीआयनी दुचाकी दुरुस्तीच्या शिक्षणात सायकलीचा शॉकअप उघडून जोडण्याचं दोन-तीन दिवसांचं प्रात्यक्षिक घेतलं तर फार खर्च येणार नाही. विक्रेत्यांनी विकलेल्या मॉडेलचे वायपर आणि फोमच्या रिंगा निदान कणकवलीत तरी ठेवाव्यात. सायकल रोज चालवणाऱ्याने कंपनीने सांगितलेले तास मोजावेत. आणि जो आठवड्यातून एखाद-दुसरी फेरी मारतो त्याने वर्षातून दोनदा तरी शॉकअप उघडून घ्यावा. एकदा मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, धूळ उठण्याआधी. मुलांसाठी नवी सायकल घ्यायला निघालेल्या आईवडिलांनी रंग आणि गिअर पाहण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: हा शॉकअप खालून उघडतो का, याचे वायपर सुटे मिळतात का, आणि तो उघडून साफ करणारा माणूस जवळपास कोण आहे? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर साध्या फोर्कची सायकल घ्यावी.