नाल्याला पाणी वाढलं की मुंबईत दिवे

मरीन ड्राइव्हवर आमच्या सहलीतली एक विजेची स्कूटर बंद पडली, म्हणून हा लेख लिहिते आहे. ती बंद पडली नसती, तर मी चौपाटीवर कुल्फी खाऊन भाच्याच्या घरी परतले असते.

साठी झाली म्हणून भाच्याने मला ही सैर भेट दिली होती. "मावशी, तुला आयुष्यात कधी गाडी चालवायला मिळाली नाही ना? ही चालव. लायसन्स लागत नाही." खरंच लागत नाही. मोटर अडीचशे वॉटच्या आतली आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर जात नसेल, तर अशा विजेच्या दुचाकीला नोंदणीही लागत नाही. तेव्हा एका रविवारी पहाटे गेटवेसमोर आम्ही सात जण हेल्मेट घालून उभे राहिलो. पुढे गाइड, मागे वरात. गेटवे, कुलाबा, नरिमन पॉइंट आणि मग समुद्राच्या कडेकडेने गिरगाव चौपाटी. त्यापुढे कोस्टल रोडवर दुचाकीला मज्जाव, म्हणून तिथेच फेरी संपते.

मजा आली, हे आधी कबूल करते. चाळीस वर्षं लोकलच्या दारातून पाहिलेली मुंबई अशी बसल्या बसल्या, वारा खात, आवाज न करता पुढून सरकत जाते तेव्हा ती वेगळी दिसते. गाइड पोरगा हुशार होता. मरीन ड्राइव्हच्या इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, तो गोलावा, ते सज्जे, तिथली अक्षरं, सगळं त्याने छान दाखवलं. सुरुवातीलाच त्याने एक वाक्य टाकलं होतं, पाठ केल्यासारखं: "धूर नाही, आवाज नाही, कुणाला त्रास नाही."

तारापोरवाला मत्स्यालयाच्या अलीकडे एका बाईंच्या स्कूटरने मान टाकली. रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं असावं. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही कट्ट्यावर बसलो, आणि मी त्याला विचारलं, "ही चार्ज कुठे करता रे?"

"गोडाऊनमध्ये, काकू. साधं सॉकेट."

"आणि सॉकेटात कुठून येते?"

तो हसला. "बेस्टकडून!"

"आणि बेस्टकडे?"

आता तो गप्प झाला. मी मास्तरीण होते, सवय जात नाही. मग मीच सांगितलं, कारण माझे वडील कर्जतजवळच्या भिवपुरीच्या पॉवर हाऊसात ऑपरेटर होते आणि माझा जन्म कँपातल्या क्वार्टरमधला.

वर मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे. ती नदी मुळात पूर्वेकडे जाणारी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळायचं. टाटांनी ते अडवलं, सह्याद्रीला भोक पाडलं आणि पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पाइपातून खाली भिवपुरीला आणलं. १९२२ साली पॉवर हाऊस सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं, नंतर १९२७ मध्ये भिऱ्याचं. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर फिरल्या. भिऱ्यासाठी मुळशीत धरण बांधायला निघाले तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. आंद्रा खोऱ्यात ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्या नशिबी धडाही आला नाही.

सगळी वीज आमचीच असा माझा दावा नाही. ट्रॉम्बेला कोळसा जळतो, बाकी वीज देशभरातून तारांवरून येते, भिवपुरीचा वाटा आज पंचाहत्तर मेगावॉटचा. पण जलविद्युतचा गुण असा की ती हाक मारली की लगेच उठते. संध्याकाळी मुंबईने दिवे, पंखे, एसी सुरू केले की घाटाखालच्या झडपा उघडतात. लहानपणी आम्ही पॉवर हाऊसमागच्या नाल्याकडेला खेळायचो. पाणी अचानक चढायला लागलं की वडील म्हणायचे, "चला घरी. मुंबईत दिवे लागले." घड्याळ बघावं लागत नसे.

गाइडने फोन काढून हे टिपून घेतलं, तेव्हा मला बरं वाटलं. त्याची काही चूक नव्हती. त्याला जे दिलं तेवढंच तो सांगत होता. पण "कुणाला त्रास नाही" हे वाक्य म्हणणाऱ्याला त्या दिव्यामागचं पाणी कुठून येतं हे ठाऊक असावं, एवढी अपेक्षा काही फार नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण ही स्कूटरची सैर मुंबईपुरती राहणार नाही. पॉवर हाऊसमधून सुटलेलं पाणी, आमच्याकडे ज्याला टाटाचं पाणी म्हणतात, ते पेज नदीला मिळतं आणि पुढे उल्हासला. म्हणून पेज बारमाही. कर्जत शहर तेच पाणी पितं. राजनाला कालव्यावर उन्हाळी भात पिकतं, आणि एप्रिलमध्ये कोकणात इतरत्र माळ करपलेले असताना आमच्याकडे हिरवं दिसतं, ते त्यामुळे. साहजिकच काठाला फार्महाऊसं आली, रिसॉर्टं आली, शनिवारची गर्दी आली. आणि आता नदीकाठी विजेच्या स्कूटरवरून पाहुणे फिरवायचे, असा बेत दोन-तीन ठिकाणी शिजतो आहे, असं कानावर येतं.

माझा विरोध नाही. डिझेलच्या गाड्या गावातून धुरळा उडवत जातात, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. अट एकच: पुढची, गाइडची स्कूटर गावचा माणूस चालवेल आणि धंद्याचा परवाना त्याच्याच नावावर असेल.

भावनेपोटी म्हणत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी पेजच्या खडकावर बसलेल्या पाहुण्याला पाणी कुठून वाढणार हे कळत नाही. आभाळ स्वच्छ, पाऊस नाही, मग पूर कसला? आणि बघता बघता पायाखालचा दगड बुडतो. कुठल्या डोहात भोवरा आहे, कुठल्या वेळी कुठे उतरायचं नाही, हे काठच्या ठाकराच्या, कातकऱ्याच्या पोराला आई सांगते. पुण्या-मुंबईहून आठवड्याच्या पगारावर आलेल्या मुलाला ते कोण सांगणार? पावसाळ्यात आषाण्याच्या धबधब्यावर दरवर्षी बंदी घालावी लागते, ती काही उगाच नाही. बंदीचा फलक लावून जे जमत नाही, ते "दादा, इथे नको, पुढे चला" एवढ्या शब्दांनी जमतं, पण ते म्हणणारा तिथला असायला हवा.

असं करता येतं का, याचं उत्तर आमच्याच कर्जत तालुक्यात आहे. माथेरानला मोटारींना बंदी. वर्षानुवर्षं माणसं माणसांना हातरिक्षातून ओढत होती. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. तेव्हा सगळ्यांत मोठी भीती हीच होती की पैसेवाला गाड्या घेईल आणि ओढणारे ९४ जण उघड्यावर पडतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की या रिक्षा हातरिक्षावाल्यांनाच द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तर हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश झाला, आणि गुजरातेत केवडियाला स्थानिक आदिवासी बाया ई-रिक्षा चालवतात तसं करा, सरकारने गाड्या विकत घेऊन यांना भाड्याने द्याव्यात, असं न्यायालय म्हणालं. अंमलबजावणीवर भांडणं आहेत आणि राहतील. घोडेवाल्यांचं म्हणणं वेगळं, दुकानदारांचं वेगळं. पण तत्त्व कागदावर आलं: यंत्र बदललं तरी रोजी त्याच हातात. घाटावर जे लागू, ते घाटाखाली का नको?

दुसरी वाट पॅरिसने चालून पाहिली. तिथे उभ्याने चालवायच्या भाड्याच्या विजेच्या स्कूटर कंपन्यांनी हजारोंनी रस्त्यावर सोडल्या. लोक त्या फुटपाथवर आडव्या टाकून जायचे. एप्रिल २०२३ मध्ये शहराने मतदान घेतलं. मतदानाला आठ टक्केही लोक आले नाहीत, पण आलेल्यांतल्या जवळपास नव्वद टक्क्यांनी नको म्हटलं, आणि सप्टेंबर उजाडायच्या आत भाड्याच्या स्कूटर गेल्या. गाडीत दोष नव्हता. कुणाची म्हणून कुणी सांभाळली नाही. पेजच्या काठी अशा स्कूटर बेवारस पडल्या, तर त्या उचलायला मतदानही होणार नाही, पुढचा पूरच नेईल.

ग्रामपंचायतींनी हे आत्ताच ठरवावं, कारण भिवपुरीचे दिवस बदलताहेत. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला आणि इथे १,००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प येतो आहे. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते तेव्हा पाणी डोंगरावर चढवायचं, रात्री मागणी वाढली की खाली सोडायचं. म्हणजे आख्ख्या घाटाची एक बॅटरी. बघायला माणसं येणार, अभियांत्रिकीची पोरं येणार, शाळांच्या सहली येणार. त्यांना ही गोष्ट सांगणारी तोंडं आमच्याकडे आहेत. पॉवर हाऊसातून निवृत्त झालेले आजोबा आहेत, राजनाल्यावर पाण्याच्या पाळीसाठी भांडणाऱ्या शेतकरणी आहेत. बारावी होऊन कर्जत-ठाणे रोजची लोकल धरणारी पोरं तर घरोघर आहेत. स्कूटर शिकायला मला साठाव्या वर्षी दहा मिनिटं लागली. त्यांना दोन लागतील.

परवा त्या गाइडचा फोन आला. कट्ट्यावर मीच त्याला नंबर दिला होता. सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाला, तो नाला बघायचाय, संध्याकाळीच येऊ ना?

"संध्याकाळीच ये," म्हटलं. "आणि नाव बघून भिवपुरी रोडला उतरू नकोस, तिथून पॉवर हाऊस लांब पडतं. कर्जतला उतर. माझा शेजारी घ्यायला येईल. त्याची स्कूटर पेट्रोलची आहे, चालेल ना?"